हुकुमदाराची टेकडी

कडुबामामांनी मला पहिल्यांदा अडवलं तेव्हा माझ्या हातातली फाईल खाली पडली.

मी चढ चढून वर आलो होतो. समोर दगडी चौकी होती आणि तिच्या कमानीत खाकी कपड्यांतला एक वाळका माणूस. मी अजून वीस पावलांवर होतो. त्यानं उजवा पाय आपटला आणि तोंड वर करून हाक दिली.

"हुकुमदार!"

कागद वाऱ्यावर गेले. आम्ही दोघांनी मिळून ते गोळा केले. शेवटचा कागद त्यांनीच बाभळीतून काढून दिला. मग ते परत कमानीत जाऊन उभे राहिले.

"पास?"

"मी प्रणय. बागेच्या समितीनं पाठवलंय. पाट्या लिहायच्यात."

"बाग व्हायला महिना हाय. तवर ही चौकी हाय. पास?"

पास नव्हता. दीपमाला मॅडम समितीचं सगळं काम बघायच्या. त्यांनी फोनवर चिठ्ठी पाठवली. मामांनी ती वाचली आणि फोन परत दिला. "ह्याच्यावर शिक्का कुठाय?" मी खाली उतरलो, चिठ्ठी छापली, शिक्का मारून आणला. दुसऱ्या दिवशी आत गेलो.

त्या वर्षी मी विद्यापीठातून मराठीत एम.ए. झालो होतो. पाट्या लिहिणं ही माझी पहिली नोकरी.

टेकडी छावणीच्या पलीकडे आहे. निजामाच्या काळात तिथं पलटणीची चौकी होती. बुरूज, दोन खोल्या, घोड्यांची दगडी कुंडी, एक आड. मग निजाम गेला आणि आपलं लष्कर आलं. वीस वर्षांपूर्वी तेही दुसरीकडे हललं. मामांना मात्र कुणी हला म्हटलं नाही. ते राहिले. पायथ्याशी एका खोलीत ते आणि गोजरबाई मामी. त्याआधी त्यांचे वडील तिथं चौकीदार होते. त्याच्याही आधी आजा पहाऱ्यावर होता.

"मामा, वीस वर्षं तुम्ही राखलं काय?" मी एकदा विचारलं.

"ती खोली." त्यांनी कुलूप लावलेल्या दाराकडे बोट केलं.

"आत काय आहे?"

"ते इचारायचं आपलं काम नाय."

समितीनं पुढे कुलूप उघडलं. आत एक मोडकी खाट होती आणि भिंतीवर जुनं कॅलेंडर. मामांनी डोकावून बघितलं. "नीट हाय," म्हणाले आणि समाधानानं परत पहाऱ्यावर गेले.

दुसरी खोली त्यांची होती. तिथं एक पत्र्याची पेटी होती. पेटीत एकशे सतरा चेंडू. टेकडीखालच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळायची आणि मारलेला चेंडू तारेच्या आत यायचा. आत आलेली वस्तू जमा करायची, असा जुना हुकूम होता. मामा ती जमा करायचे. प्रत्येक चेंडूवर शाईनं तारीख घालायचे आणि माहीत असेल तर पोराचं नावही.

मामी सिल्लोडकडच्या. बोलायला मोकळ्या. "मला बघाया आले तवाची गोष्ट," त्या सांगायच्या. "घर माझं. म्या पोह्याची ताटली घेऊन बाहेर आले. तर हे माझ्याकडं बघून म्हणतात, 'कोण?'"

"मग, इचारू नाय का?" मामा म्हणायचे.

"पुढं म्हणतात, 'काय काम हाय?'"

रोज बाराला मामी डबा घेऊन चढ चढायच्या. तेहतीस वर्षं त्या चढत होत्या. वीस पावलांवर आल्या की मामा पाय आपटायचे.

"हुकुमदार!"

"दोस्त. भाकर आणलीय."

मग मामा हळू आवाजात काहीतरी पुटपुटायचे आणि डबा घ्यायचे. मामी त्यांचं नाव कधी घ्यायच्या नाहीत. 'दोस्त' हा शब्द मात्र रोज घ्यायच्या.

हे सगळं आता संपणार होतं. दीपमाला मॅडमनी एक दिवस मामांना आडापाशी बसवून सांगितलं. मी शेजारी होतो.

"कडुबाकाका, आता इथं बाग होतेय. आता माणसं हाकलायची नाहीत. बोलवायची."

"बोलवायची? कोणाला?"

"सगळ्यांना."

"वळख नसली तरी?"

"नसली तरी."

मामा आडात वाकून बघायला लागले. मॅडमचा आवाज नरम होता, पण त्या सरळ बोलल्या. समितीत काही जणांना एजन्सीचा गार्ड हवा होता, तरुण, हसतमुख, गणवेशातला. मॅडमनी मामांसाठी एक महिना मागून घेतला होता. उद्घाटनापासून महिनाभर फाटकापाशी तक्रारवही ठेवायची. चौकीदाराबद्दल एक जरी तक्रार आली, तर एजन्सी. आणि मग पायथ्याची खोलीही एजन्सीच्या गार्डला.

मामांचा मुलगा वाळूजला कंपनीत होता. बाबा, इकडंच या, असं तो कधीचं म्हणत होता. "तिथं चौथ्या मजल्यावर राहतो त्यो," मामा मला नंतर म्हणाले. "खिडकीतून खाली बघितलं का सगळी माणसं आपली येतात न् जातात. कोणी कोणाला इचारत नाय. म्या तिथं काय करू?"

तालीम सुरू झाली. मी शिकवणार, ते शिकणार.

"मामा, माणूस आला की फक्त म्हणायचं, 'या.'"

"या."

"असं नाही. हसून."

मामा हसले.

"नका हसू," मामी म्हणाल्या. "लेकरं भितील."

मी खाली गेलो आणि फिरायला आलेल्या माणसासारखा वर आलो. वीस पावलांवर मामांचा उजवा पाय आपोआप उचलला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला. तेवढ्यात मी त्यांच्या पुढून आत निघून गेलो.

"या," ते माझ्या पाठीला म्हणाले. "तुमी लई लवकर येता राव."

मग मामी आल्या. पदर घेऊन, परक्या बाईसारख्या.

"बाग बघायची व्हती, दादा."

मामांनी घसा साफ केला. "या... कोणाची माणसं तुमी?"

"तुमच्याच पोराची आई हाय."

तीन आठवडे असं चाललं. 'या' हा शब्द मराठीतल्या सगळ्यात लहान शब्दांपैकी. मामांच्या तोंडात तो मावत नव्हता.

माझ्या पाट्या मात्र झाल्या. आडाची, कुंडीची, बुरुजाची. फाटकावरची मोठी पाटी काळ्या ग्रॅनाइटवर कोरायची होती. आसपासची सगळी माणसं या जागेला हुकुमदाराची टेकडी म्हणत. ते नाव आलं कुठून, हे लिहायचं होतं. मी दोन रात्री शब्दकोशांत घालवल्या आणि लिहिलं: 'हुकूम म्हणजे आज्ञा. ज्याच्या हाती आज्ञा, तो हुकूमदार. असा एक कर्तबगार अधिकारी पूर्वी या टेकडीवर राहत असे.' पहिल्या मसुद्यात 'राहत असावा' होतं. पाचव्या वाचनात मीच ते 'राहत असे' केलं. वाक्य बरं वाटलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी पाटी बसली. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले. अक्षरांखालून बोट फिरवत दोनदा वाचली.

"हा हुकुमदार कोण, प्रणय?"

"इथला अधिकारी, मामा. जुना."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही सापडलं."

"सापडणार बी नाय." ते उठले आणि पँटची धूळ झटकली. "तुमाला इंग्रजी येतं ना?"

"येतं."

"हू कम्स देअर. म्हणा."

"हू कम्स देअर."

"असं मास्तरावानी नाय. हातात बंदूक हाय. पलीकडं काहीतरी खुसपुसलं. भ्या वाटतंय. म्हणा आता."

"हू कम्स देअर!"

"भरभर. आन् मोठ्यानं."

"हुकम्स्देअर! हुकम्दे..."

मी थांबलो. मामा माझ्याकडे बघत होते.

"आज्याला कुठलं इंग्रजी? पलटणीचा गोरा साहेब जसं म्हणला तसं त्यानं धरलं. बापानं आज्याचं धरलं, म्या बापाचं. हुकुमदार माणूस नाय प्रणय. सवाल हाय. कोण येतंय तिकडून, असा."

भाषाविज्ञानाच्या पेपरात मला एकाहत्तर मार्क होते. मी त्या ग्रॅनाइटपुढे उभा राहिलो. कर्तबगार अधिकारी चकाकत होता.

"मामा, महिनाभर मी तुमच्यासोबत आहे. आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी पुस्तकं इचारत व्हते."

मी मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "उद्या उद्घाटन आहे प्रणय. दगड खोडरबरानं पुसता येत नाही," एवढंच म्हणाल्या.

उद्घाटन रविवारी अकराला होतं. हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन. खालून बँड वाजत वर येत होता. पुढे समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब. वय ब्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक, हातात काठी. मागे शाळेची मुलं, महिला मंडळ, सकाळी फिरणारे लोक. कमानीत आडवी लाल फीत. फितीमागे मामा. त्यांनी पितळी बटणं चिंचेनं घासली होती. ओठ हलत होते. या, या, या.

मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. "म्हणतील ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणतील," मी म्हणालो.

तात्यासाहेब वीस पावलांवर आले. मी मामांच्या पायाकडे बघत होतो. तो उचलला. या वेळी गुडघा धरायचं मामांना सुचलं नाही.

"हुकुमदार!"

बँड थांबला. तात्यासाहेबांची काठी हवेतच राहिली. एक लहान मूल रडायला लागलं. मॅडमनी डोळे मिटले. मामांचा चेहरा पांढरा पडला. आपण काय केलं ते त्यांना कळलं होतं, पण सवाल तोंडातून गेला होता. तो आता परत घेता येत नव्हता.

मग गर्दीच्या मागून, महिला मंडळाच्याही मागून, रोजचा आवाज आला.

"दोस्त!"

मामी डबा घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी तासभर आधीच.

मामांचे खांदे सैल झाले. त्यांनी टाच टाचेला मारली, सलाम ठोकला आणि तेहतीस वर्षं जे पुटपुटत होते ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"पुढं या दोस्त! आलबेल!"

तात्यासाहेबांनी काठी टेकली. थोडा विचार केला. "मीही दोस्तच आहे बाबा," ते म्हणाले. "येऊ का?"

"पुढं या दोस्त! आलबेल!"

मग मुलांना कळलं. "दोस्त! दोस्त!" असा गलका झाला. मामांनी हात वर केला. "एकेक! सवाल एकेकाला असतो." रांग लागली. प्रत्येकाला हाक, प्रत्येकाचं उत्तर, प्रत्येकाला आलबेल. लासूर स्टेशनहून लेकीकडे आलेल्या द्वारकाबाई म्हणून एक आजी होत्या. त्यांना 'दोस्त' म्हणायला लाज वाटली. "मी द्वारकाबाई, लासूरची, लेकीकडं आलेय, चार दिवसांनी जाणार हाय," असं त्यांनी सांगितलं. मामांनी ते ऐकून घेतलं. "इतकं बी चालतं. पुढं या." सगळे आत जायला पाऊण तास लागला. त्या गडबडीत तात्यासाहेब फितीखालून वाकून आत गेले. फीत कापायची राहूनच गेली. दुपारी ती एका शेळीनं खाल्ली.

"काका," मॅडम म्हणाल्या, "मी 'या' म्हणा म्हटलं होतं."

"त्याच्यात हाय की मॅडम. पुढं *या*."

मॅडमनी तक्रारवही फाटकापाशी दोरीनं बांधली. "महिनाभर बघू," म्हणाल्या.

त्या महिन्यात माझं काम संपलं होतं, तरी मी रोज जायचो. पोरं नुसती हाक ऐकायला तीन-तीनदा आत-बाहेर करायची. एक रिक्षावाला रोज खालूनच ओरडायचा, "चचा, दोस्त!" आणि मामा वरून, "सवालाच्या आधी जवाब नाय!" एका मावशीनं माझी पाटी वाचली आणि त्या कर्तबगार अधिकाऱ्यापुढे नारळ फोडला. मामांनी प्रसाद घेतला, पण मला बाजूला बोलावलं. "हे वाढल बरं का. मंदिर व्हईल." मग मी एका पत्र्यावर रंगानं लिहून ते ग्रॅनाइटच्या खाली खिळ्यांनी ठोकलं: 'वरचा मजकूर चुकीचा आहे. हुकुमदार नावाचा माणूस नव्हता. तो प्रश्न होता. खरी माहिती चौकीदार कडुबा हिवराळे यांना विचारावी.' एवढी चांगली मराठी मी त्याआधी लिहिली नव्हती.

एकच माणूस या सगळ्यावर नाराज होता. नानासाहेब. कचेरीतून निवृत्त झालेले, रोज पहाटे सहाला कानटोपी घालून येणारे.

"हुकुमदार!"

"अहो, मी रोज येतो. काल आलो, परवा आलो. मला रोज काय विचारता?"

"सवाल रोजचाच असतो साहेब."

"दोस्त," नानासाहेब असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला ते शत्रूच वाटावेत. मामांना त्यांची भीती वाटायची. "हा माणूस लिवणार," ते मला म्हणायचे. "त्याच्या खिशाला दोन पेन हायेत."

महिन्याला सहा दिवस उरले होते. सकाळी साडेपाचला कृष्णा नावाचा एक चाळिशीचा गृहस्थ आला. पळायला येणाऱ्यांपैकी. कमानीत थोडा घुटमळला.

"काका, तुमच्याकडं चेंडू असतात म्हणे."

"कोणाचे?"

"माझा एक होता. पाचवीत होतो. शेजारच्या सोमनाथनं मारला न् आत आला. मी मागायला आलो तर तुम्ही हुकुमदार म्हणाला. मी पळालो."

"साल?"

"अठ्ठ्याण्णव असेल."

मामांनी चौकीत जाऊन पेटी उघडली. एकशे सतरा चेंडू जमिनीवर मांडले आणि एकेक हातात घेऊन बघू लागले. मी तिथं पोचलो तेव्हा दोघं गुडघ्यांवर बसले होते. "हा बघा. पाच एप्रिल अठ्ठ्याण्णव. कृष्णा." चेंडू टणक झाला होता, रंग उडाला होता. कृष्णानं तो जमिनीवर आपटून बघितला. उसळला नाही. त्यानं तो शर्टला पुसला आणि खिशात घातला. "सोमनाथला फोन करतो," म्हणाला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. फाटकापाशी कानटोपी दिसली. नानासाहेब तक्रारवहीवर वाकून लिहीत होते. बराच वेळ लिहिलं. पेन खिशाला लावलं आणि आत न येता चढ उतरून गेले.

मामा जागेवर थिजले. वही उघडायची चौकीदाराला परवानगी नव्हती. मी उघडायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "हुकूम हाय," म्हणाले.

त्यानंतरचे सहा दिवस नानासाहेब आले नाहीत. मामांची हाक बारीक झाली. मामींनी भांडी पोत्यात भरली. मुलगा वाळूजहून टेम्पो घेऊन येणार होता. शेवटच्या दिवशी मी गेलो तेव्हा पायथ्याच्या खोलीबाहेर वळकटी बांधून ठेवलेली होती. पेटीही होती. पेटीत एकशे सोळा चेंडू.

मॅडम आल्या. मामा बटणं लावून उभे राहिले. मॅडमनी वही चाळली. पानांवर मुलांनी काढलेली चित्रं होती, दोन ठिकाणी नळाला पाणी नसल्याचं लिहिलं होतं. मग त्या थांबल्या.

"चौकीदाराबद्दल एक तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "नानासाहेबांची."

"व्हय," मामा म्हणाले.

मॅडमनी मोठ्यानं वाचलं. "'आज सकाळी सहा वाजता मी आलो असता चौकीदार जागेवर नव्हते. कुणीही हुकुमदार म्हटले नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. नंतर स्वतःहून दोस्त म्हणालो. उत्तर आले नाही. तसेच आत जाणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून घरी परत गेलो. मी उद्यापासून सहा दिवस पुण्याला मुलीकडे आहे. परत आल्यावर असे होऊ नये.'"

मॅडमनी दोनदा ओठ आवळले. मग चेहरा गंभीर केला.

"तक्रार खरी आहे का, काका?"

"खरी हाय, मॅडम. चेंडू काढाया गेलो व्हतो."

"इथं कार्यवाहीचा रकाना आहे. मला काहीतरी लिहावं लागेल. यापुढे काय करणार?"

मामा ताठ उभे राहिले. "जागा सोडणार नाय."

मॅडमनी तेच शब्द रकान्यात लिहिले. जसेच्या तसे, 'नाय' सकट. खाली सही केली आणि शिक्काही मारला.

तेवढ्यात खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. मामी कमरेवर हात ठेवून वळकटीकडे बघत होत्या. "आता त्याला म्हणावं, चहा पिऊन जा," त्या म्हणाल्या. "आन् ही पेटी वर कोण नेणार?"

मी उचलली. जड होती. चेंडू आत गडगडत होते. मामा माझ्या आधीच भराभर चढ चढून वर गेले. मी धापा टाकत कमानीपासून वीस पावलांवर आलो. मामांनी उजवा पाय आपटला.

"हुकुमदार!"

"मामा, माझे दोन्ही हात भरलेत."

"जवाब तोंडानं द्यायचा असतो."

मी दिला.